ताणा पसरायला तू मला विचारलं होतंस का?

नरसय्या, माझ्या भावा,

तू गेल्यावर तुला काही कळवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. होतास तेव्हा भिंतीवरून हाक मारली की काम भागायचं. आता नातीला समोर बसवून लिहून घेतेय. मी 'हाय' म्हणते, सुमन 'आहे' लिहिते; कुणी बोललेलं तेवढं जसंच्या तसं ठेवते. अक्का एवढं शुद्ध कधीपासून बोलायला लागली, म्हणून हसू नकोस.

सोमवारी मला कोर्टात उभं राहायचंय. आपल्या दोन घरांमधल्या त्या मोकळ्या जागेवरून. एका बाजूला माझा दत्ता, दुसऱ्या बाजूला तुझा मल्लेशम. दोघांच्या मधे मी. आणि जज्जसाहेब मला जे विचारणार, ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मग तुलाच नको का विचारायला?

झालं असं. दत्ताला त्या जागेत दोन खोल्या काढायच्यात. थोरल्या नातवाचं लग्न ठरलंय, नवी सून आणून ठेवायची कुठं, असं तो म्हणतो. खोटं नाही. खोल्या झाल्या तर मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरायचा कुठं, असं मल्लेशम म्हणतो. तेही खोटं नाही. गल्लीत सगळीकडं यंत्रमाग खडखडायला लागले, तरी पोरानं तुझे दोन हातमाग मोडले नाहीत बघ. अजून दिवस उगवायच्या आत सूत ताणतो, खळ लावतो, कुंच्यानं विंचरतो, तुझ्यासारखाच पाठीला बाक देऊन. रस्त्यावर पसरायची सोय राहिली नाही, रिक्षा फिरतात.

दत्तानं पाया आखायला चुना आणला आणि मल्लेशम आडवा उभा राहिला.

"बापाच्या वक्तापास्नं आमची वहिवाट हाय हितं."

"कसली वहिवाट? जागा आमच्या बापाची!"

दोघांच्याही बापांची नावं निघाली. दोघंही बाप वर बसून ऐकत असतील, म्हटलं. ऐकलंस का?

मग वकील शोधणं आलं. मला वाटायचं, काळा डगला घातला की झाला वकील. तसं नसतंय रे! पहिले गाठले ते कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेले. त्यांनी विचारलं, "आजी, डोकं कुणाचं फुटलं?"

"कुणाचंबी न्हाय."

"हात? पाय?"

"समद्यांचे धड हायत की."

चेहरा उतरला बिचाऱ्याचा. म्हणाले, "मग माझ्याकडं कशाला आलात? मी फौजदारीचा. तुम्हाला दिवाणी वकील पाहिजे." मी दत्ताला म्हटलं, "चल, घरी जाऊन एकमेकांची डोकी फोडून येऊ, म्हंजी हितंच भागंल." दत्ता हसला नाही. हल्ली तो हसतच नाही.

जागेच्या कामाला एक चांगले आहेत असं कळलं, म्हणून त्यांच्या घरी गेलो. तर ओट्यावरच्या बाकड्यावर कोण? तुझा मल्लेशम! त्यालाही कुणीतरी तेच नाव सांगितलेलं. मला बघून उठला. "आत्या, बसा हितं." मी बसले. दत्ता तोंड फिरवून उभा. वकील बाहेर आले आणि म्हणाले, "मला एकाचंच काम घेता येईल. आधी कोण आलं?"

मल्लेशम म्हणाला, "आदी मीच आलो साहेब. पन आत्या म्हाताऱ्या हायत. त्यांचं घ्या. मी दुसरा बघतो."

आता बोल! भांडायला निघालेल्या माणसानं असं वागायचं का? माणसाला नीट रागही येऊ देत नाहीत तुम्ही लोक.

तर ते वकील आमचे झाले आणि आम्हाला कायदा कळायला लागला. म्हणजे होतं तेवढंही कळेनासं झालं. दत्तानं आधी घरपट्टीच्या पावत्या पुढं केल्या. "मी भरतोय, म्हंजी जागा माजी." वकील म्हणाले, घरपट्टी भरून कुणी मालक होत नाही, सिटी सर्व्हेचा उतारा आणा. आणला. त्यावर आमच्या ह्यांचंच नाव. तू ज्यांना मेहुणे म्हणून बावा म्हणायचास, ते जाऊन एवढी वर्षं झाली, तरी सरकारनं अजून त्यांना घराबाहेर काढलं नाही! मला तर बरं वाटलं. वकील म्हणाले, "मृत्युपत्र केलेलं नाही ना? मग बायको, मुलगा, मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा."

दत्ता म्हणाला, "मुलगी? ती तर अकलूजला दिली."

"तुम्ही दिली असेल. कायद्यानं नाही दिली."

दत्ताचं तोंड बघायला तू हवा होतास. आणि माझंही. जिथं जन्मभर सडा घातला, त्यात माझाही वाटा होता, आणि हे मला आत्ता कळतंय! तुला ठाऊक होतं का रे?

मग वहिवाटीचं निघालं आणि माझं डोकं गरगरायला लागलं.

वकील म्हणाले, "आजी, नरसय्या वीस वर्षांच्या वर, राजरोस, कुणाला न विचारता तिथं ताणा पसरत असेल, तर तो त्याच्या पोराचा हक्क झाला. मग दत्ताला खोल्या बांधता येणार नाहीत. पण तुमच्या परवानगीनं पसरत असेल, तर हक्क नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा बंद."

मी म्हटलं, "थांबा साहेब. म्हंजी न इचारता शिरला त्यो हक्काचा, आन् हात जोडून इचारून आला त्यो पाव्हना?"

"साधारण तसंच."

"मग चांगल्या मानसानं काय करायचं?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर म्हणाले, "तो तुम्हाला काही द्यायचा का? वर्षाकाठी?"

दत्ता लगेच म्हणाला, "लुगडं. दर भाऊबीजेला."

वकिलांचा चेहरा असा खुलला, जसं काही त्यांनाच लुगडं मिळालं. "मग झालंच की! दरवर्षी तुम्ही परवानगी द्यायच्या, आणि त्याबद्दल तो लुगडं द्यायचा. कोर्टात तेवढंच सांगा."

"साहेब, ते ओवाळणीचं."

"ओवाळणीचं असेल हो. पण जागेचंही असू शकतं. खोटं बोला असं मी म्हणत नाही, आजी. फक्त नीट आठवून बघा."

बघितलंस? शिकलेली माणसं खोटं बोला म्हणत नाहीत. आठवा म्हणतात.

तेव्हापासून मी आठवतेच आहे. परवा पेटी उघडून लुगडी काढून बसले. ते हिरवं जरा विरळ विणलंयस, ते जागेचं का रे? आणि लेकीच्या लग्नाच्या वर्षीचं ते जांभळं, नारळी काठाचं, ते बहिणीचं? तुमच्यात राखीचं कौतुक, भाऊबीज आमची. तू दोन्ही दिवशी यायचास, दोन्ही दिवशी पोटभर जेवायचास, आणि भाऊबीजेला बगलेत पुडकं. "अक्का, आत्ताच मागावरून उतरवलंय." हे कशाबद्दल, ते एकदा तरी सांगितलंस का? आणि मी तरी काय म्हणून विचारावं? आता कोर्ट विचारतंय आणि तू गप्प. जन्मभर बडबड केलीस आणि जिथं एक शब्द हवा होता तिथं उठून गेलास!

काल दत्ता जवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, तू नक्की कुनाची? माजी का त्याची?" रागानं नाही. रडवेला झाला होता. रागानं म्हणाला असता तर मी चार शब्द सुनावले असते.

मी म्हटलं, "तुजीच की रं. म्हनून तर सुचंना झालंय."

आणि मग रात्री पडल्या पडल्या मला आठवलं. खरंच आठवलं, वकिलांसाठी नव्हे.

तेलंगणातून नवाच आला होतास. लग्न नवं, माग नवा, मराठी तर त्याहून नवं. बाजाराचा दिवस होता, गल्लीत बैलगाड्यांची दाटी झालेली. खांद्यावर सुताचा भार घेऊन तू आमच्या उंबऱ्याबाहेर उभा, मागं तुझी बायको. "अक्का, तुमचा जागा. मी ताणा पसरतो. उद्या. चालेल?" माझे हात पिठात होते. मी म्हटलं, "अक्का म्हनतोस आन् चालंल का इचारतोस? आज इचारलंस ते इचारलंस. परत इचारायला आलास तर जागा मिळायची न्हाय, सांगून ठेवते!" तुला काही कळलं नाही. घाबरून बायकोकडं बघितलंस. तिला तरी काय कळणार? शेवटी मीच पिठाच्या हातानं जागेकडं बोट केलं, तेव्हा कुठं हसलास. त्यानंतर कधी विचारलं नाहीस.

आता मला सांग, तू विचारलं होतंस, का नव्हतंस?

सकाळी जाऊन हे वकिलांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणाले, "आजी, विचारू नकोस अशी परवानगी दिलीत तुम्ही! ह्यानं आपण जिंकतो का हरतो, तेच मला सांगता येत नाही. हे कोर्टात बोलूच नका."

जागा राहिली तर नातसून त्या खोलीत येईल आणि मल्लेशम मला आत्या म्हणायचा नाही. गेली तर माग चालेल आणि माझा लेक माझ्याशी बोलायचा नाही. मी रडू कुणासाठी, तेही कळत नाही. पण तुला शब्द देते. तुझ्या लुगड्याला मी भाडं म्हणणार नाही. आणि तू न विचारता शिरलास, असंही कुणाला म्हणू देणार नाही. भावानं एकदा विचारलं आणि बहिणीनं परत विचारू नको म्हणून दम दिला, एवढं सांगेन आणि खाली बसेन. त्याला काय म्हणायचं ते जज्जसाहेबांनी ठरवावं. त्यासाठीच तर त्यांना एवढ्या उंच खुर्चीवर बसवलंय.

तुझी,
अक्का

(अंगठा माझा, अक्षर सुमनचं.)