जास्तीची वाटलेली ओळ

नेवासा, गुरुवार संध्याकाळ

डोळे चुरचुरताहेत. फाइल किती मोठी होऊ द्यायची हे तपासणारं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, आमच्या तिन्ही फाइलसिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर फाइली साठवायच्या तीन पद्धतींच्या कोडमध्ये, स्वतंत्रपणे लिहिलेलं होतं. मनीषा तिसगावहून माझ्या हाताखाली काम करते. तिने तिन्ही काढून एकच सामाईक केलं. आज चाचणीत जुन्या पेन ड्राइव्हवर मोठी फाइल अर्धीच उतरली, आणि तक्रारीचा संदेशही नाही. कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ असता तर?

फोन केला. "मॅडम, तिन्ही सारखीच हुती की! एकात एक ओळ जास्तीची वाटली, म्हणून काढली."

तीच ओळ. जुन्या पेन ड्राइव्हची मर्यादा लहान असते, ती सांभाळणारी. पण ती का आहे हे कुणीच लिहिलं नव्हतं. मग पोरीला काय बोलायचं? बोललेच तरी.

हे म्हणाले, "अगं, राहू दे की तीन. बिघडतंय काय?"

"दुरुस्ती तीन जागी करावी लागते, आणि तिसरी जागा हमखास राहते."

सामाईक फंक्शन ठेवलं. ती ओळ फक्त पेन ड्राइव्हच्या कोडमध्ये परत घातली. ती ओळ का हवी, हे मात्र कोडमध्ये तिच्या वरच मनीषाकडून लिहून घेतलं, तिच्या नावासकट. आता ती ओळ कुणी काढायला आलं, तर भांडायला मनीषा आहे. मी दमले.