चोवीस दातांची मादी

३ मार्च
पोहोचलो एकदाच्या! मत्स्यकेंद्राच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्यात, नळाला दिवसभर पाणी, माझ्या टेबलावर उत्तरेचा उजेड. काम काय, तर जंतांची चित्रं काढायची! धाकटी मला कालपासून 'जंतताई' म्हणतेय. तिला वामींच्या टाक्या साफ करायच्यात. सापासारखे ते मासे बघून किंचाळेल वाटलं होतं, तर ही बया त्यांच्याशी गप्पा मारत बसली. केंद्राचे सर म्हातारे, खोकतात फार, पण माणूस लाखातला.

७ मार्च
सरांनी आज जंताची सगळी जन्मकथा सांगितली. मादी वामीच्या हवेच्या पिशवीत अंडी घालते. अळ्या पाण्यात उतरतात, टाचणीच्या टोकाएवढे जीव त्यांना गिळतात, त्या जीवांना छोटे मासे, आणि त्या माशांना वाम. मग अळी आतडं भोसकून पुन्हा हवेच्या पिशवीत, रक्त पिऊन काळीभोर. जात ओळखायची ती तोंडाभोवतीच्या दातांवरून. या जंताचे दात कुठल्याच जातीशी जुळत नाहीत. अजून बारसं व्हायचंय, म्हणताना सरांचे डोळे चमकले.

१५ मार्च
धाकटीला खोकला. जिना चढताना मध्येच पायरीवर बसली. आईला कळवलं नाही, उगाच जीव टांगणीला.

१८ मार्च
सरांनी दिलेला ताजा जंत चिरला. माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशीत मधोमध ठिपका असतो, केंद्रकाचा. याच्या पोटातल्या रक्तात एकही ठिपका नाही. तीन स्लाइड केल्या. हे माशाचं रक्त नव्हे; बिनठिपक्याची पेशी तर माणसाची.
सरांना विचारलं. त्यांनी खिशातला रुमाल उलगडून दाखवला: खोकल्यातून पडलेला काळाभोर जंत. दोन वर्षं झाली म्हणाले. आमच्या नळाला टाक्यांचंच पाणी येतं. हे ठाऊक होतं का, विचारलं. मान खाली घालून म्हणाले, सांगितलं असतं तर कोणी आलंच नसतं, आणि काम अर्धवट टाकून मरायचं नव्हतं.
पंधरा दिवस आम्ही तेच पाणी—

२० मार्च
डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. माशांचे जंत माणसात जगत नाहीत. धाकटीच्या खोकल्यात पडलेला जंत मी बाटलीतून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो भिंगाखाली धरून पाहिला. मग मोठ्या प्रयोगशाळेला फोन लावला. चुकीच्या औषधाने जंत आतच फुटले तर फुप्फुस जाईल. जात ओळखून औषध ठरवायला प्रयोगशाळेला माणसात वाढलेली, अंड्यांसकट अख्खी मादी हवी, आणि नीट वर्णन. धाकटीला पडलेले जंत सगळे नर.

२२ मार्च
सर सकाळी गेले. त्यांच्यावर ओरडायचं होतं, राहून गेलं. सगळ्या बाटल्या उपसल्या. अख्खी मादी एकही नाही.

२३ मार्च
धाकटीचे ओठ निळे. नाकात नळी. तरी म्हणते, जंतताई, घाई कर गं.

२४ मार्च
मलाही खोकला. रुमाल बघते, नाही— परत बघते— देवा, पडू दे एकदाची.

२५ मार्च
मिळाली! माझ्यातूनच. अख्खी, अंड्यांनी टच्च. दात चोवीस, दोनदा मोजले. चित्र— रेघ वाकडी— चालेल. प्रयोगशाळेच्या गाडीचे ड्रायव्हरकाका फाटकात हॉर्न देतायत. बाटलीसोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, औषध आलं की आधी धाकटीला. मी मोठी— मला अजून दम आ