आईच्या अडीनडीला ठेवलेली गाडी

खालची शाळा, सातवीचा वर्ग
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
रविवार, २१ जुलै २०२४

चि. सूरजला ताईचे आशीर्वाद.

तू, ऋतिका आणि छोटी आरोही खुशाल असाल. आम्ही दोघी इथे शाळेत बऱ्या आहोत. दोन्ही वेळचं जेवण मिळतं, बायकांना वेगळा वर्ग दिलाय, पाऊस थोडा उणावलाय. आईच्या पायाची जखम सुकत आली. कसली जखम ते पुढे लिहिते. भिकाजीकाका उद्या परळला लेकीकडे चाललेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. फोनवर मी बोलायला लागले की तुला नेमकी मीटिंग लागते. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

मे महिन्यात तू आलास तेव्हा आपल्या अंगणात बसून निळी पिशवी भरलीस, आठवतं? तुझ्या ऑफिसात ट्रेनिंग झालं होतं. बॅटरी, दोर, शिट्टी, रेनकोट, मलमपट्टीचा डबा, बिस्किटं, ब्लँकेट, आईच्या प्रेशरच्या गोळ्या. काच फोडायची ती छोटी हातोडीसुद्धा. सगळी वाडी गोळा केलीस आणि भागोजीकाकांना म्हणालास, "असं तयार राहायला हवं, काका." मग पिशवी गाडीच्या डिकीत ठेवलीस, डिकी लावलीस आणि आईच्या गुडघ्याला हात लावून म्हणालास, "ही गाडी तुझ्याच अडीनडीला इथे ठेवलीय, आई." मुंबईत गाडी लावायला जागा मिळत नाही हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या दिवसापासून मी तुझ्या गाडीची राखण करतेय. कव्हरवरचा पाला झाडायचा, कोंबड्या हाकलायच्या, शेडचा पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवायचे. एक कोंबडी टपावर बसलेली फोटोत दिसली तर तू ग्रुपवर मला सगळ्यांदेखत बोललास.

घरची पिशवी मात्र मी भरायची, असा तुझा हुकूम. त्यात काय घालायचं ते तू बोलून पाठवलंस. घराचे कागद, सातबारा, तुझी दहावीची मार्कलिस्ट, तुझ्या लग्नाचा अल्बम. मी घातलं सगळं, अल्बमसकट. आईने देवांचे टाक आणि पान कुटायचा खलबत्ता घातला. तिच्या गोळ्या मी दोन दिवसांच्याच घेतल्या, बाकीच्या गाडीत आहेतच म्हणून. ही माझी अक्कल.

गुरुवारी सकाळी पोलीस पाटील आणि तलाठी आले. वरच्या सड्यावरची, डोंगरमाथ्यावरची भेग रुंदावली होती, दुपारच्या आत वाडी खाली करा म्हणाले. पंचायतीची एकच जीप होती. तिने पोरं आणि पोटुशा बायका आधी नेल्या, ते बरोबरच होतं. जीप परत येणार होती.

आईला कळल्याबरोबर तिने काय केलं सांगू? आंघोळ केली. तू दिवाळीला आणलेलं मोतिया लुगडं नेसली. काठी घेऊन पडवीत येऊन बसली आणि मला म्हणाली, "जीप नको मला. माज्या झिलाची गाडी हाय. समर्थला सांग, काड म्हनावं भायेर." भागोजीकाकांचा समर्थ रोज टेम्पो चालवतो, लायसन आहे त्याच्याकडे. तोही तयार होता. त्याचा टेम्पो तेवढा गॅरेजात होता.

मी तुला फोन केला. तुझे शब्द मला पाठ आहेत. "ताई, चावी इकडे आहे ना, मुंबईत. आता मी काय करू? आणि काच फोडू नका हां, खूप खर्च येतो." फोडायचीच म्हटली तरी तुझी ती हातोडी आत, डिकीत होती.

आईला सांगितलं, चावी मुंबईला आहे. ती म्हणाली, "मंग तो काय करील बिचारा? तितनं फेकील काय?"

दोन तासांनी ओढ्यावरच्या साकवावर पाणी चढलं. जीप परत आलीच नाही. मग लाल प्लास्टिकची खुर्ची दोन बांबूंना बांधली आणि आईला तिच्यात बसवली. समर्थ, भागोजीकाका आणि अजून दोघे. काकांचं वय किती, त्यांनी खांदा द्यावा का? साकव टाळायचा म्हणून वरच्या पायवाटेने, चिखलातून, धो धो पावसात. अंगणातून निघताना खुर्ची तुझ्या गाडीला घासून गेली. आई म्हणाली, "जपून रं, गाडीला लागल." पुढे उतारावर एकाचा पाय सरकला आणि आईची पोटरी कातळाला खरवडली, चांगली बोटभर. ती ओरडली नाही. उलट काकांची चेष्टा करत होती, "मेल्यावं न्यायची ती आजच नेताव काय रं?" सगळे हसले. मला तेव्हा तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली. आजही वाटते आहे.

शुक्रवारी पहाटे दरड आली. गोठा गेला. गुरं मी आधीच सोडली होती. माती मागच्या दारापर्यंत येऊन थांबली. उजाडल्यावर समर्थने जाऊन फोटो काढला, तो मी तुला पाठवला. तू काय उत्तर दिलंस ते तुझ्याच फोनमध्ये आहे, काढून बघ. "गाडीपर्यंत आलंय का?"

ते वाचूनही मी गप्प बसले. वाटलं, घाबरला असेल, तोंडाला येईल ते लिहिलं असेल. पण काल जे झालं त्यानंतर मला गप्प बसवणार नाही.

काल दुपारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. पाणी ओसरलं होतं, साकव मोकळा झाला होता. आईला गोळी नव्हती, डोकं धरून बसली होती. तेवढ्यात वाडीच्या बाजूने तुझी गाडी आली. आईने माझ्या आधी ओळखली. खांबाला धरून उठली, डोक्यावर पदर घेतला. "आली बग. सांगत हुते ना मी? माजी पिशवी आन." आणि वर्गातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या सूरजनं गाडी धाडली."

गाडीत ऋतिकाचा भाऊ अनिल होता. त्याने काच खाली केली आणि निळी पिशवी माझ्या हातात दिली. "दाजी म्हणाले, ही तुम्हाला लागेल." मी विचारलं, चावी कुठून आली? तो बिचारा सरळ माणूस, सांगून गेला, "आमच्याकडेच असते ना, सावर्ड्याला. मे महिन्यापासून. गाडी आता आमच्याकडेच नेतो, इथे रिस्क आहे." आणि गेला. आई दोन पायऱ्या उतरली होती.

सावर्डे, सूरज! तासाभराची वाट. मी फोन केला तेव्हा साकव कोरडा होता. अनिलला एक शब्द सांगितला असतास तर आई गाडीत बसून खाली आली असती. पण तू मला चावी मुंबईत आहे म्हणून सांगितलंस. वाडीतले लोक चिखलाचे पाय घेऊन आत बसतील, एकदा दिली की दर वेळी मागतील, हेच ना? की मी? मी माहेरी येऊन राहिले तेव्हापासून माझ्या हाती काही दिलं तर ते माझं होईल असं तुला वाटतं. मेव्हण्यावर विश्वास आणि बहीण परकी. तुझ्या आईचं हगणंमुतणं काढते ती बहीण! मला राग याचा नाही की तू गाडी दिली नाहीस. नव्हती द्यायची तर आईच्या गुडघ्याला हात लावून बोलायचं नव्हतं.

सड्याची भेग अजून तशीच आहे. पाटील म्हणतात, पावसाने पुन्हा जोर धरला की वाडीत हट्टाने राहिलेल्यांनाही खाली आणावं लागेल, आणि आम्ही तर गणपतीपर्यंत घरी जायचं नाही. जाऊ तेव्हा तुझ्या शेडमध्ये समर्थ टेम्पो लावील, आणि टेम्पोची एक चावी माझ्याकडे राहील. मी त्याला सांगून टाकलंय. तुला विचारत नाही, कळवते आहे. आता तू गणपतीला आलास तर एसटीने ये.

आणि एक. काल संध्याकाळपासून तू तीनदा फोन केलास आणि तीनदा मी म्हटलं, आई झोपलीय. ती झोपलेली नव्हती, सूरज. माझ्या शेजारीच बसली होती आणि हाताने नको नको करत होती. कालपासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. वर्गातल्या कुणी विचारलं, "गाडी कुठं गेली गो?" तर तोंड फिरवून बसते. दरड आली तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती.

पत्राच्या शेवटी आईचे आशीर्वाद लिहायचे असतात. मनाने लिहिणार नव्हते, म्हणून आत्ता तिला विचारलं, सूरजला काय लिहू? बराच वेळ ती सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "लिव, गाडी संबाळ म्हनावं."

तेवढंच म्हणाली. तेवढंच लिहिते.

दीपाली