डाळीत मीठ कमी आहे म्हणणारा आवाज

आई, आज मी इतकी खुशीत आहे की कुकरकडे लक्षच राहिलं नाही आणि भाताचा पार लगदा झाला. स्किझोफ्रेनिया ओळखण्यासाठी आम्ही जी प्रश्नावली तयार करतोय, तिच्यात आज तुझा प्रश्न गेला. हो, तुझाच म्हणते मी.

बाबा गेले त्या वर्षी बरकतपुऱ्याच्या स्वयंपाकघरात तू रोज पहिलं पान त्यांचं वाढायचीस. वर्षश्राद्धापर्यंत आपल्या घरी वाढतातच. वाढता वाढता त्यांच्याशी बोलायचीस. झोप लागेना म्हणून मी तुला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर विचारतो, कोणी नसताना आवाज ऐकू येतात का? तू पदर सावरून, शेजारणीला सांगावं तसं त्याला इथल्या हिंदीत सांगतेस, "हौ, आती ना. दाल में नमक कम है बोलके आज सुबुच बोले." तेवढ्यावर त्याने आजाराचं नाव लिहून टाकलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. गोळ्यांनी तुझे हात कापायला लागले, पोळ्या लाटणं सुटलं. तू गेलीस तेव्हाही ते नाव तुझ्या फायलीवर होतं. मला अजून राग येतो.

आजार खोटा नाही, आई. आवाजांनी पोखरलेली माणसं मी रोज बघते, आणि अशाच गोळ्यांनी कामावर परतलेलीही. पण तो रक्त तपासून सापडत नाही. लक्षणं किती काळ टिकली, विचारांची संगती सुटली का, रोजचं जगणं मोडलं का, हे विचारूनच ठरवावं लागतं. आज गेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकणाऱ्या नल्लकुंट्याच्या एका आजींना आम्ही दोघी डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, एकमत होतं का ते बघायला. सोबतची डॉक्टर म्हणाली आजार, मी म्हटलं दुःख. मग बाहेर बसलेल्या सुनेला आत बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "त्या एकट्याच नाही, आम्ही सगळेच बोलतो मामंजींशी. वर्ष व्हायचंय अजून. घर तर त्याच चालवतात." सोबतची डॉक्टर हसली आणि तिने आपलं उत्तर खोडलं. तुझ्या प्रश्नाला इतके दिवस नाही म्हणणारे आमचे प्रमुखही तयार झाले. आता दर वेळी विचारायचं: या आवाजाचा त्रास होतो का, आणि घरच्यांना तो वेगळा वाटतो का? मी चक्क टाळ्या वाजवल्या.

तुझं निदान मात्र मला बदलता येणार नाही. गेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते.

हे पत्र पाठवणार तरी कुठे, ओट्यावरच राहू दे. एक कबूल करते. नवा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारून पाहिला. मघाशी कुकर उघडला तेव्हा तू म्हणालीस, "पाणी जास्त झालं." आणि मी वळून म्हटलं, "असू दे गं, आजच्या दिवस."