मंजुळेच्या नावाचं आवतण

९ ऑक्टोबर १९३८, गोरेगाव
हिंगोलीला रेल्वेतून उतरलो तो बैलगाडीत. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश! ओढ्याकाठची झुडपं, सरडे, किडे यांची नोंद करायला कॉलेजने मला इथे धाडलंय. तातेराव पाटलांनी खोली दिली, गोजरबाई स्वयंपाक करते. मंजुळेला पाचवा महिना आहे. दिवाळीला तीही येईल. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आता कुठे आमच्या घरात पाळणा हलणार.

११ ऑक्टोबर
ओढ्यावर एक अनोळखी वेल सापडली, लवदार पानांची. तिच्यावर खार बसली होती. हातभर अंतरावर गेलो तरी हलली नाही. मोठीच माणसाळलेली! वेलीची फांदी तोडून आणली, टिपकागदात दाबून ठेवली.

गोजरबाई बिथरली. इथे औषधी झाडपाला तोडायचा तर आदल्या सांजेला मुळाशी हळदीचे तांदूळ ठेवून आवतण देतात आणि ज्याच्यासाठी न्यायचा त्याचं नाव घेतात. म्हणाली, "काहून तोडली मास्तर? न इचारता नेली, तर ती बी न इचारता येते."

१२ ऑक्टोबर
म्हातारीच्या समाधानासाठी तांदूळ ठेवून आलो. नाव कुणाचं घ्यायचं? मला साधी सर्दीही नाही. गंमत म्हणून मंजुळेचं घेतलं. ऐकून गोजरबाई तवा चुलीवर तसाच टाकून बाहेर आली. तोडल्यावर दिलेलं आवतण औषधाचं नसतं, म्हणाली. त्या माणसात राहायला ये, असं ते वेलीला सांगणं असतं.

१५ ऑक्टोबर
टिपकागदातली फांदी वाळलीच नाही. नवा कोंब फुटलाय.

ओढ्यावर गेलो. खार अजून तिथेच. अंग ऊन, श्वास चालू. कानातून बारीक मूळ आत गेलंय. ती माझ्याकडे बघते, नुसती बघते. मला शिसारी आली, रडूही आलं.

१६ ऑक्टोबर
वेल जाळली. मूळ खणत गेलो, ते संपेना. ओढा सोडून हिंगोलीच्या रस्त्याकडे वळलंय. मंजुळा त्याच रस्त्याने येणार — तातेरावांनी हिंगोलीला माणूस पिटाळला, तार करायला: येऊ नकोस.

१९ ऑक्टोबर
तार पोचायच्या आत ती निघाली होती. आज आली. हसत उतरली, माझ्या अवताराला नावं ठेवली. तिचे कान बघितले — काही नाही. देवा! उगाच जीव टांगणीला लावला होता.

वाटेत गाडी थांबवून जरा आडवी झाले होते, म्हणाली. रस्त्याकडेला छान हिरवळ होती —

२० ऑक्टोबर
सकाळपासून खिडकीत बसलीय. हाक मारली, हलत नाही. अंग ऊन. श्वास चालू. माझ्याकडे बघते —

गोजरबाईला विचारलं, मंजुळेऐवजी माझं नाव देऊ का. तिने नकारार्थी मान हलवली. एकदा घेतलेलं नाव परत —

२१
मीच घेतलं नाव. मीच.

पोटावर हात ठेवला. बाळ हलतंय — लाथ नाही ही — हळूहळू उलगडतंय —