फियाटखालचा गाडा

अकोला,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय श्याम,

पाकीट बघून घाबरू नकोस, बाबा बरे आहेत. फोनवर मी बोलायला लागले की तू लगेच "ताई, मुद्द्याचं बोल" म्हणतोस आणि मग माझा मुद्दाच हरवतो. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप. ओळी जरा तिरक्या गेल्या आहेत, अक्षरही नेहमीपेक्षा मोठं आलंय. शिवणाच्या वर्गात एखाद्या मुलीची टीप अशी तिरकी गेली असती तर मी सगळी उसवायला लावली असती. तू मात्र चालवून घे.

आधी तुझ्या निरोपाचं बोलते. दिवाळीच्या आत तू भंगारवाला पाठवणार, तो बाबांची फियाट उचलून नेणार आणि मग मागची शेड पाडायची, हे कळलं. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. होळीच्या आधी बाबा त्या शेडमध्ये पडले, मनगट मोडून घेतलं, तेव्हा तू पुण्याहून धावत आलास, प्लास्टरमधला हात बघितलास, शेडला कुलूप ठोकलंस आणि किल्ली माझ्या हातात दिलीस. मीही ती मुकाट्याने घेतली. काचबिंदूने बाबांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. आई गेल्यावर त्यांनी गाडी नव्यासारखी करायची म्हणून सगळी सुटी करून ठेवलेली. इंजिन एका कोपऱ्यात, चाकं दुसऱ्यात, जमिनीवर जॅक आणि पाने पसरलेले, आणि मधोमध विटांच्या थप्प्यांवर नुसता पत्र्याचा सांगाडा. त्याच्याभोवती ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाने फेऱ्या मारायच्या म्हणजे पडणं ठरलेलंच होतं. पण तू कुलूप लावून पुण्याला गेलास आणि कुलपाच्या अलीकडे मी बाबांबरोबर राहिले. ते दिवस कसे गेले हे तुला सांगायचं राहून गेलं.

सुरुवातीला ते चिडले. किल्लीवरून माझ्याशी भांडले. मग भांडायचेही थांबले. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. इतके गुणी बाबा मी जन्मात पाहिले नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. एके दिवशी बघते तर गादीला भोक पडलेलं. खाटेवर बसून गादीतला कापूस बोटाने उपसायचा, दोन्ही चिमटींत धरून हळूच ओढायचा आणि तुटलेल्या धाग्याची लांबी अंगठ्यावर अजमावायची. आठवतं ना? अकोटच्या जिनिंगमध्ये ग्रेडर असताना कापसाच्या गाड्यांपुढे उभं राहून ते हेच करायचे आणि शेतकरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. आता गादीतल्या जुन्या, मेलेल्या कापसाची प्रत ठरवत बसले होते. मी भोक शिवायची, ते दुसरीकडून उसवायचे. एकदा मी ओरडलेच, तर म्हणाले, "मंग काय करू वं? हाताले काम नाही तं जीव लागत नाही." मला फार वाईट वाटलं रे. आत जाऊन रडले, आणि परत येऊन गादी शिवायला घेतली.

त्या गादीनेच मला वाट दाखवली. ती भलीथोरली खोळ मशीनवर घेतली होती. मी जागेवर बसून होते आणि खोळ वळवत होते. कापड केवढंही मोठं असो, आपण कधी त्याच्याभोवती फिरतो का? मग बाबांनी तरी गाडीभोवती का फिरावं? बाबा एका जागी स्टुलावर बसतील, हत्यारं हाताशी राहतील आणि गाडी त्यांच्यापुढे वळेल. एवढी साधी गोष्ट तुझ्या इंजिनिअर डोक्यात आली नाही याचा मला अजून आनंद होतो.

इमरानला तू ओळखतोस. आयटीआयमध्ये माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे वेल्डिंग शिकायचा आणि मुलींच्या कात्र्यांना फुकट धार लावून द्यायचा, तोच. आता बार्शीटाकळी रोडवर त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, केसही पांढरे व्हायला लागलेत. मी कल्पना सांगितली तर हसला आणि मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. "म्याडम, याले डॉली म्हनतेत. लोकं घरीच बनवून राहिले." म्हणजे माझ्या आधी जगाला सुचलं होतं. लोखंडाची चौकट, खाली चारी दिशांना फिरणारी चाकं, वर गाडीचा सांगाडा. बाबांना डॉली हे नाव पसंत पडलं नाही. ते त्याला गाडा म्हणतात, म्हणून मीही गाडाच म्हणते.

मी आधी वर्तमानपत्रं जोडून त्याचा कागदी नमुना कापला. सांगाड्याखाली सरपटत जाऊन, हो, या वयात, टेप लावून मापं घेतली. शेडच्या तोंडाशी दोन विटांचे खांब आहेत, त्यांच्यामधलं अंतरही मीच मोजलं. गाडीचा भार नेमका कुठे घ्यायचा हे बाबांनी खाटेवरून सांगितलं. चाकांचे सांधे जिथे बसतात तिथला पत्रा जाड असतो, तिथेच टेका द्या, मधे दिलात तर सांगाडा वाकेल. मला ते लगेच पटलं, कपड्याचा भारही खांद्यावरच तोलायचा असतो. टेक्यांवर इमरानने जुन्या टायरचे तुकडे बसवले. किती दिवसांनी बाबा त्या दिवशी स्वतःहून म्हणाले, चहा ठेव.

चाकांसाठी हिंडावं लागलं. साधी छोटी चाकं एवढ्या वजनाला टिकली नसती. इमरानचा मेहुणा अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात आहे. तिथे कापडाचे रोल वाहायच्या जुन्या ट्रॉल्या मोडीत काढलेल्या. त्यांची चाकं घ्यायला मी एसटीने अमरावतीला गेले. बसमध्ये सारखी आईची आठवण येत होती. तिचं माहेर अमरावती, आणि फियाट घेतल्यावर पहिल्याच फेरीत गाडी मूर्तिजापूरला बंद पडली होती. तू तिच्या मांडीवर, मी मागून ढकलतेय, आणि आई आतून ओरडतेय की माझ्या भावाच्या दारात ही अशी ढकलत नेली तर मी उतरणार नाही. तरी ती उतरलीच, पदर खोचून तिनेही ढकललं. बाबा तेवढे ऐटीत स्टिअरिंग धरून बसलेले. अमरावतीला माझं आणखी एक काम होतं, ते शेवटी सांगते.

गाडा तयार झाला. इमरानची माणसं आली, चेन-पुलीने सांगाडा उचलला, विटा काढल्या आणि गाडा खाली सरकवला. मी एका हाताने ढकललं आणि आपली फियाट तसूभर हलली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण शेडमध्ये वळवायला जागा नाही, बाहेर अंगणातच आणायला हवी. सगळ्यांनी मिळून ढकलली आणि खांबांशी ती अडकली. गाडी जात होती, खालचा गाडाच जात नव्हता. इमरानने टेप लावला आणि डोकं खाजवत विचारलं, "म्याडम, मापापेक्षा दोन्हीकून जास्त कावून घेतलं?" मी म्हटलं, अरे, मार्जिन ठेवली. उभा जन्म मुलींना तेच शिकवलं ना, की शिलाईच्या आत थोडं कापड सोडा, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. कागद कापताना माझ्या हाताने आपोआप तेवढं सोडलं आणि इमरानने बिचाऱ्याने मॅडमने दिलं तसं लोखंड कापलं. खाटेवरून बाबा काय झालं, काय झालं करत होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "फियाट काय माहेरी जाऊन जाड होऊन येनार हाय का वं?" आणि हसले, श्याम. खोकला येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. सगळेच हसले, मीही हसले. मग सांगाडा पुन्हा उचलला, इमरानने ग्राइंडरने माझी मार्जिन कापली आणि दुपारी गाडी बाहेर आली.

अंगणात ती कशी सुरेख फिरते ते तू बघायला हवंस. कुरड्या-पापड वाळवायला आईने हट्टाने शहाबादी फरशी घालून घेतली होती, आणि बाबांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. आपल्या काळ्या मातीत ही चाकं रुतून बसली असती. बाबांना हे मी मुद्दाम ऐकवलं. ते म्हणाले, हो, तिले समजत होतं.

आता रोज सकाळी चहा झाला की ते कडुनिंबाखाली स्टुलावर बसतात. घासायचा कागद एका हातात, दुसऱ्या हाताची बोटं पत्र्यावरून फिरत असतात. "इथं खरबुडं लागून राहिलं," असं म्हणाले की मी माझ्या कापडावर आखायच्या खडूने तिथे गोल करते. रविवारी इमरान येऊन तेवढा गंजलेला पत्रा कापतो आणि नवं ठिगळ लावतो. एक बाजू झाली की बाबा "घे" म्हणतात, मी ढकलते. "थांब" म्हणतात, मी थांबते. संध्याकाळी गाडी परत शेडमध्ये जाते. ढकलताना मी तुळशीच्या कुंडीला धडकवते, एक कुंडी फुटलीसुद्धा. नेमकी डावीकडची. गादीला मात्र नवीन भोक नाही. काल दसऱ्याला बाबांनी गाडीला झेंडूचा हार घातला, गाड्यालाही घातला आणि इमरानच्या ग्राइंडरवर आपट्याचं पान ठेवायला लावलं. रंग कोणता द्यायचा यावरून आमचं जुंपलंय. रंग त्यांना दिसणार नाही, पण वाद ते जिंकणार.

तेव्हा भंगारवाल्याला नाही म्हणून सांग. गाडी कधी रस्त्यावर येईल का, मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर मला त्याची घाईही नाही.

आता अमरावतीचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. त्यांनी एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. डावीकडचे दिवे लागतच नव्हते. तुमचं यंत्र बिघडलंय म्हणून मी तिथल्या मुलीशी भांडले. यंत्र चांगलं होतं, श्याम. बाबांना आहे तेच मला आहे. कडेकडेने जातं, दुखत नाही, म्हणून कळत नाही. बाबांनाही असंच उशिरा कळलं. माझं लवकर सापडलंय, औषधाचे थेंब रोज घातले तर आहे ते टिकेल असं डॉक्टर म्हणाले. मी घालते. बाबांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. त्या दिवशी खांबांशी सगळे मार्जिनवर हसत होते, आणि मार्जिन मी ठेवलीच होती, ते खोटं नाही. पण डाव्या खांबाचा पुढे आलेला विटांचा कोपरा मला मोजताना दिसलाच नव्हता. हसता हसता मला ते कळलं. म्हणूनही शेड पाडू नकोस. न दिसणाऱ्या माणसाला बसून काम करता येईल अशी घरात एक जागा झाली आहे, ती मला राहू द्यायची आहे. पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. उठताना डॉक्टरांनी विचारलं, भाऊबहीण किती? मी म्हटलं, एक भाऊ, धाकटा, पुण्यात असतो, रोज गाडी चालवतो. ते म्हणाले, त्याला आधी डोळे तपासायला सांगा, हे घराण्यात चालत येतं. फोनवर हे माझ्या तोंडून निघेना, तीन आठवडे झाले. तर हा मुद्दा. पत्र खाली ठेव आणि डॉक्टरांची वेळ घे, सीमालाही बरोबर ने, बायको शेजारी असली की तू डॉक्टरांचं नीट ऐकशील. सगळं नीट निघू दे, मी देवापुढे बसलेच आहे. काय निघेल ते मला खरं सांग, आणि मग दिवाळीला ये. गाडा ढकलायला दोन माणसं असली तर बरं, आणि त्यातल्या एकाला तरी डावीकडचं दिसायला हवं.

तुझीच,
शकुनताई