दारापाशी तीन शेवट

आबा, तुमच्या लेकाने कॉम्प्युटरवर एक खेळ आणला आहे. त्यात मेलेली माणसं उठून चालतात, जिवंत माणसांना चावतात, आणि ज्याला चावतात तोही थोड्या दिवसांत तसाच होतो. पोरं त्यांना झॉम्बी म्हणतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, हे पाहत बसल्यावर मेंढरं कोण पाहील. पण मेंढरं आता नाहीत. तुमच्या मागं मायला ती सांभाळणं जमलं नाही. तुमचा लेक लग्नांचे व्हिडिओ काढतो, बाहेरच्या खोलीत बसून त्यांची कापाकापी करतो, आणि काम नसलं की हा खेळ खेळतो. मी सेनगावला शाळेत कारकून आहे. रविवारी जीपने गावी येते. गेले कितीतरी रविवार मी आले की तो खेळातल्या एकाच जागी उभा असलेला दिसतो.

खेळात एक बाई आहे आणि तिचा नवरा. आपण खेळायचं ते त्या बाईकडून. दोघांनी शहरातून बाहेर पडून नदीकाठच्या नावेपर्यंत पोचायचं असतं. वाटेत रिकाम्या घरांमधून खाण्याचे डबे, बंदुकीच्या गोळ्या, औषधं शोधायची, लपत जायचं. नाव जवळ आली की कळतं, नवऱ्याच्या हातावरच्या एका जुन्या जखमेतून ते विष आत गेलं आहे. त्याला कोणी चावलेलंच नसतं. तो एका बंद पडलेल्या गिरणीतल्या खोलीत जाऊन बसतो आणि बाई दारापाशी उभी राहते. तिथून पुढं तीन शेवट आहेत. बाहेरून कडी लावून नावेकडे जायचं. नाहीतर त्याला गोळी घालायची. नाहीतर आपणही आत जायचं आणि आतून कडी लावायची. हा तिसरा शेवट सगळ्यांना मिळत नाही. त्यासाठी औषधाची एक बाटली सुरुवातीपासून जपून ठेवावी लागते, वाटेत कोणी कितीही मागितली तरी द्यायची नाही. तुमच्या लेकाने ती जपली. त्याचे मित्र फोनवर त्याच्याशी भांडतात. एक म्हणतो, "तिसराच खरा शेवट हाय." दुसरा म्हणतो, "अबे, तिसऱ्यात औषध न मिळून नावेवरची लेकरं मरतात, ते काहून न्हाई पाहत तू?" तुमचा लेक म्हणतो, चौथा शेवट असलाच पाहिजे, ज्यात दार लावावंच लागत नाही. त्यासाठी त्याने कुठले कुठले व्हिडिओ पाहिले. सगळे सांगतात, नाही.

हे वेड त्याला कशामुळे लागलं ते मला माहीत होतं. डोंगरकडा गावी एका लग्नात तो कॅमेरा घेऊन गेला होता. पंगतीत आपल्या लांबच्या नात्यातला एक म्हातारा त्याच्या शेजारी बसला आणि जेवता जेवता सहज बोलावं तसं बोलून गेला, "तुझ्या बापाला तुझ्या मायनं कोंडलं व्हतं. कडी लावली बाहेरून. हाका मारून मारून मेला बिचारा." तोपर्यंत त्याला एवढंच ठाऊक होतं की आबा तापानं गेले. त्या दिवसापासून त्याने मायशी बोलणं सोडलं. ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा. मायनं काही विचारलं तर मला सांगायचा, "आक्का, तिला सांग, भाजी नको." माय शेजारीच उभी असायची. मी त्याला म्हणाले होते, मायलाच विचार की. तो म्हणाला, "इचारून काय करू? तिनं व्हय म्हणलं तर?"

तुमचं काय झालं ते मला आठवतं, पण बाहेरून. मेंढीनं तोंड वासून लाळ गाळली, चारा सोडला, की तुम्ही तिच्या घशात काटा अडकला आहे म्हणून कोपरापर्यंत हात घालायचा. आपल्यात सगळेच असं करतात. मी एकदा तुमच्यासारखा हात घालायला गेले तर तुम्ही मला जोरात मागं ओढलं होतं, "दात लागतील, बाजूला व्हय!" आणि स्वतःचा हात घातला होता. त्या वर्षी कळपात एक कुत्रं शिरलं, एका मेंढीचा कान फाडून गेलं. पुढं ती मेंढी लाळ गाळायला लागली. तुम्ही काटा शोधला. काटा नव्हता. तिच्या दाढेनं तुमच्या बोटाला खरचटलं, तुम्ही हळद लावली. कुत्रं मेंढीला चावलं होतं, तुम्हाला नाही, म्हणून इंजेक्शनाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. मग पेरणीच्या सुमारास तुम्हाला पाणी गिळेना. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मायला बाजूला घेऊन सांगितलं की हा रेबीज आहे, आता यावर उपाय नाही. तुम्हाला घरी आणलं आणि मला तान्ह्या धाकट्याला, या तुमच्या लेकाला, घेऊन शेजारी काकूच्या घरी पाठवलं. तुम्ही कडब्याच्या खोलीत होता. मला आत येऊ दिलं नाही.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. माय बाहेरच्या खोलीतच सूप घेऊन तूर निवडत होती, कारण आत पत्र्याखाली बसवत नाही. तुमच्या लेकानं मला पाहिलं आणि कानावरचे हेडफोन काढून बाजूला ठेवले. आवाज मोठा केला. म्हणाला, "आक्का, बस. तुला तिन्ही शेवट दाखवतो." मला कळलं की तो मला दाखवत नाहीये. बोलणं इंग्रजीत होतं, तो एकेक वाक्य मोठ्यानं मराठीत सांगत होता. "हा तिचा नवरा हाय. तो म्हणून राहिला, दार लाव."

मी म्हणाले, "बंद कर."

"काहून? खेळच तर हाय." त्यानं पहिला शेवट लावला. बाईनं कडी घातली. ती चालायला लागली, आतून हाका येत राहिल्या, लांब होत गेल्या, नाव सुटली. "झालं. सुटली बाई," तो म्हणाला. पुन्हा मागं जाऊन दुसरा लावला. एक आवाज, आणि पडदा पांढरा. पुन्हा मागं. बाई परत दारापाशी. मायचं सूप थांबलं होतं. तिनं डोळ्यांवरचा चष्मा पदरानं पुसला आणि पडद्याकडं पाहिलं.

"ही बाई काहून उभी हाय?" तिनं विचारलं. कितीतरी दिवसांनी ती सरळ त्याच्याशी बोलत होती.

तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "तिला ठरवायचं हाय."

"नवरा शुद्धीवर हाय का अजून?"

"व्हय."

"पाणी मागतो का?"

"न्हाई. याच्यात पाणी न्हाई मागत."

"तुझे आबा मागायचे," माय म्हणाली. "तांब्या समोर आणला की सारं अंग आखडायचं. पदराचा वारा लागला तरी तकलीफ व्हायची. म्हणून खिडकीला गोणपाट बांधलं."

पडद्यावरची बाई तशीच उभी होती. काही दाबलं नाही तर ती नुसता श्वास घेते. मला वाटलं आता हा उठून निघून जाईल. तो उठला नाही. माऊसवरचा हात काढून घेतला आणि विचारलं, "कडी तू लावली?"

"व्हय."

"काहून?"

"त्यायनंच सांगितलं. सकाळी चांगले व्हते, बराबर बोलत व्हते. म्हणले, आता जे बोलून राहिलो ते माझं बोलणं हाय. मागून जे बोलन ते माझं नसन. मागून म्हणलो, उघड, तरी उघडू नको. लेकरं हायेत."

"अन् मागून म्हणले?"

माय सुपातले खडे बोटानं एका बाजूला करत राहिली. "म्हणले."

"काय म्हणले?"

"पोराला एकदा दाखव, म्हणले."

आबा, त्या वेळी त्याचं तोंड मला पाहवेना. एवढा दाढीमिशीवाला माणूस, पण दम लागल्यासारखा तोंड उघडून बसला होता. मग म्हणाला, "मंग तू निघून गेलीस?"

"कुठं जाऊ? दाराला पाठ लावून बसले. ते गप होईपर्यंत तिथंच व्हते मी."

"तिथंच?"

"तिथंच."

त्यानं तिसरा शेवट लावला नाही. बटण दाबून खेळ बंद केला. खुर्ची सरकवली आणि मायच्या समोर खाली बसला, सुपातली मूठभर तूर तळहातावर घेऊन निवडायला लागला. माय म्हणाली, "खडे इकडं टाक, तिकडं न्हाई." तो म्हणाला, "माहीत हाय मला." जरा वेळानं म्हणाला, "भाजी काय हाय?" माय म्हणाली, "तुला आवडत न्हाई तीच." तो हसला नाही, पण जेवायला चुलीपाशी बसला. मी उशिराच्या जीपने परतले.

आता मी हे तुम्हाला लिहिते आहे ते त्यातलं मायचं एक वाक्य खरं नाही म्हणून. तुमच्या त्या शेवटच्या दुपारी मी काकूच्या घरी होते. धाकटा रडून रडून निळा पडला होता. काकूनं त्याला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध देऊन पाहिलं, तो थुंकून टाकत होता. शेवटी काकूनं भिंतीवरून मायला हाक मारली. माय आली. तिनं आधी हात धुतले. साबण लावून कोपरापर्यंत धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. मग भिंतीकडं तोंड करून त्याला अंगावर पाजायला घेतलं. तुमचा आवाज तिथपर्यंत येत होता. शब्द कळत नव्हते. तो चालू होता, चालू होता, आणि थांबला. काकूनं मायकडं पाहिलं. मायला ऐकू आलं होतं, तिची मान वर झाली होती. ती उठली नाही. तिनं त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. त्याचं पोट भरलं, तो झोपला, त्याला माझ्या मांडीवर दिलं, आणि मग ती गेली.

ती दाराशी का नव्हती, हे त्याला कळलं तर तो स्वतःलाच बोल लावील, ते मायनं माझ्याआधी ओळखलं असणार. म्हणून मीही बोलले नाही. मला हे आठवतं, हे मायला सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. हा कागद लिहून झाला की चुलीत घालीन. फक्त तुम्हाला एक सांगायचं होतं. तुमचा आवाज थांबला तेव्हा मला काय झालं ते कळलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला झोप लागली. मला बरं वाटलं होतं, आबा.